पाणी चढलं, पण बोर्ड बोलेना!

दोस्तांनो, जुलै २०१८ चा पाऊस वसई-विरारकर विसरणं कठीण! नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, वडोदरा एक्स्प्रेस वाटेतच अडकली, वस्त्यांमध्ये पाणी शिरलं. मग विज्ञान प्रदर्शनासाठी ‘पाणी चढलं की आईबाबांना एसएमएस पाठवणारं यंत्र’ करावंसं तुम्हांला वाटलं, तर नवल ते काय?

सामान थोडकंच. आर्डुइनो उनो बोर्ड, आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा सेन्सर आणि सिमकार्डाचं सिम८००एल मॉड्यूल. सेन्सर जमिनीपासून २ मीटर उंच, तोंड खाली करून बसवायचा. अंतर २०० सेंटिमीटरवरून १५० वर आलं, की समजा, गुडघाभर पाणी आलं!

खरी गंमत पुढेच आहे. बोर्ड मॉड्यूलशी बोलतो तो सीरियल पोर्टमधून. विरार लोकलचे डबे कसे एकामागून एक जातात? तसेच इथे बिट जातात. जाण्याची तार टीएक्स, येण्याची आरएक्स. एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाला हवं, म्हणून टीएक्स समोरच्या आरएक्सला जोडायची. ग्राउंडची तार दोघांची एकच. वेगही दोन्हीकडे सारखा, समजा ९६००. तो जुळला नाही, तर पडद्यावर नुसती गिचमिड उमटते.

पण उनोवर असा खराखुरा पोर्ट एकच! तो ० आणि १ या पिनांवर आहे, आणि कॉम्प्युटरची यूएसबी केबलसुद्धा त्याच पोर्टवरून बोलते. तिथेच मॉड्यूल जोडलंत, की प्रोग्रॅम चढताना अडतो. बोर्ड बिघडला म्हणून नवा आणायला धावू नका (बाबांनो, तुम्हीसुद्धा!). आधी त्या दोन तारा काढून बघा.

यावर तोड म्हणजे ‘सॉफ्टवेअर सीरियल’. ७ आणि ८ अशा साध्या पिना घेऊन प्रोग्रॅमच पोर्टाचं सोंग वठवतो. सोंगाला मर्यादा असणारच! ९६०० वेगाला एक बिट जेमतेम १०४ मायक्रोसेकंद टिकतो, आणि तो टिपताना प्रोसेसरला दुसरीकडे बघायची सोय नसते. त्याच क्षणी प्रतिध्वनी मोजायला गेलात, तर आकडा चुकू शकतो. म्हणून आधी मोजा, मग बोला. १,१५,२०० च्या वेगाचा हट्ट धरू नका. असे दोन नकली पोर्ट केलेत, तरी एका वेळी ऐकू येतं एकाचंच. खरे चार पोर्ट हवेत, तर आर्डुइनो मेगा घ्यावा लागेल. पण एवढ्याशा कामाला उनो पुरतो, असं आमचं मत.

आणखी एक खोच. उनो ५ व्होल्टवर बोलतो, मॉड्यूलला त्याहून कमी दाब सोसतो. बोर्डाच्या टीएक्सवर दोन रेझिस्टर लावून दाब उतरवायचा. मॉड्यूलला स्वतःला ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात, आणि नेटवर्क शोधताना ते क्षणभर २ अँपिअरपर्यंत ओढतं. बोर्डाला एवढं कुठलं झेपणार? ३.७ व्होल्टचा चांगला लिथियम सेल वेगळा द्या, तोही मोठ्यांना सोबत घेऊनच. शिवाय हे मॉड्यूल टूजीवर चालतं. जिओचं कार्ड घातलंत, तर बसा वाट बघत!

सगळं जोडलं, की ‘एटी’ ही दोन अक्षरं पाठवा. उलट ‘ओके’ आलं, तर न्हाणीघरातल्या रिकाम्या पिंपावर सेन्सर धरा आणि नळ सोडा. सेन्सर तेवढा भिजू देऊ नका.