डोळ्यांतील शलाका आणि शंकु

बाहेरच्या प्रखर उन्हांतून अंधाऱ्या खोलींत शिरलें म्हणजे प्रथम कांहींच दिसत नाहीं. थोड्या वेळानें मात्र तेथील वस्तु हळूहळू ओळखूं येऊं लागतात. हा अनुभव आम्हां सर्वांस आहे. याचें कारण असें कीं, डोळ्याच्या आंतील पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. मंद प्रकाशांत उपयोगी पडणाऱ्या पेशी काठीसारख्या लांबट असून त्यांस शलाका म्हणतात. भर उजेडांत काम करणाऱ्या व रंग ओळखणाऱ्या पेशी निमुळत्या असून त्यांस शंकु म्हणतात. या दोहोंच्या कामांतील भेद माक्स शुल्ट्झे या जर्मन शास्त्रज्ञानें १८६६ सालीं दाखविला. मनुष्याच्या एका डोळ्यांत सुमारें १२ कोटि शलाका व ६० लक्ष शंकु असतात. इतक्या सूक्ष्म पेशींचा आकार टिकतो कसा, हें आपण पाहूं.

शलाकेचें बाहेरचें टोक म्हणजे अत्यंत पातळ चकत्यांची एक चवडच होय. भाकऱ्या एकावर एक रचाव्या, तशा शेंकडों चकत्या तेथें रचलेल्या असतात. प्रकाश टिपणारें ऱ्होडोप्सिन नांवाचें प्रथिन या चकत्यांच्या पापुद्र्यांत बसविलेलें असतें. चकत्या पुष्कळ असल्यामुळें एकींतून निसटलेला किरण दुसरींत सांपडतो.

चकतीचा पापुद्रा बहुतेक सपाट असतो; काठाशीं मात्र त्यास एकदम वळावें लागतें. हें वळण राखण्याचें काम पेरिफेरिन नांवाचें प्रथिन करतें. त्याचे रेणू एकमेकांशीं व रॉम-१ नांवाच्या दुसऱ्या प्रथिनाशीं जोडले जाऊन त्यांच्या सांखळ्या बनतात, आणि या सांखळ्या काठास चोहोंकडून बांधून धरतात. बुरूड टोपली विणल्यावर तिचा काठ बांधतो. तो सुटला तर सारी वीण उसवते. येथेंही तसेंच आहे. शंकूंतील चकत्या शलाकेंतल्याप्रमाणें सुट्या नसून बाहेरील आवरणाच्याच घड्या असतात. तरी तेथेंही घडीचें वळण राखण्यास पेरिफेरिन लागतेंच.

हें काम एकदां करून संपत नाहीं. शलाकेच्या बुडाशीं रोज नव्या चकत्या तयार होतात व टोंकाच्या जुन्या गळून पडतात. सुमारें १० दिवसांत सर्व चवड नवी होते. म्हणून काठ बांधणारें प्रथिन जन्मभर हवें.

तें नसेल तर काय होतें? उंदरांच्या एका वाणांत या चकत्या बनतच नाहींत व पेशी हळूहळू मरतात. त्या उंदरांत सदोष असलेला जनुक १९८९ सालीं सांपडला. तोच पेरिफेरिनचा जनुक होय. त्यांतील दोषानें मनुष्याचीही दृष्टि जाते, हें १९९१ सालीं सिद्ध झालें. पुढें २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत असें आढळलें कीं, पेरिफेरिन नसल्यास चकत्यांसाठीं आलेला पापुद्रा बारीक बुडबुड्यांच्या रूपानें गळून वायां जातो.

ज्या रोगांत शलाका प्रथम मरतात, त्यांत आरंभीं सांजवेळीं दिसेनासें होतें. दिवसां नीट चालणारें मूल तिन्हीसांजेस ठेंचाळूं लागलें, तर आम्ही त्यास धांदरट म्हणून रागें भरतों. पण दोष त्याच्या स्वभावाचा नसून डोळ्याचा असूं शकेल. अ जीवनसत्त्वाच्या अभावानें आलेला रातांधळेपणा वेळींच उपाय केल्यास बरा होतो. जनुकांतील दोष मात्र केवळ आहारानें जात नाहीं. यांतील कोणता प्रकार आहे, हें डोळे तपासल्यावांचून कळावयाचें नाहीं. म्हणून अशा मुलास बोल लावण्यापूर्वीं त्यास नेत्रवैद्याकडे न्यावें, एवढीच पालकांस आमची विनंति आहे.