हाड भरायचे तर डोस नव्हे, वेळ साधायला हवी

1965 साली लॉस एंजेलिसमधील अस्थिशल्यविशारद मार्शल युरिस्ट यांनी हाडातले कॅल्शियम आम्लात विरघळवून काढले आणि उरलेला मऊ भाग सशांच्या स्नायूत बसवला. काही आठवड्यांत त्या मांसात नवे हाड धरले, आत मज्जेसकट. हाड घडवण्याचा हुकूम हाडातच साठवलेला असतो, हे त्यातून कळले. तो देणाऱ्या प्रथिनांना पुढे बीएमपी हे नाव मिळाले. मूळपेशींना, म्हणजे स्टेम सेल्सना, अस्थिपेशी व्हायला लावतात ती हीच.

2002 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने कमरेचे मणके जोडण्यासाठी त्यांपैकी बीएमपी-2 या प्रथिनाला मान्यता दिली. कोलॅजेनचा स्पंज प्रथिनाच्या द्रावणात भिजवायचा आणि मणक्यांमध्ये ठेवायचा, अशी ती पद्धत. अडचण स्पंजातच होती. तो प्रथिन घट्ट धरून ठेवत नाही. बरेचसे पहिल्या काही दिवसांतच निसटून जाते. हाड भरायला मात्र आठवडे, महिने लागतात. ही गळती गृहीत धरून डोस मिलिग्रॅममध्ये द्यावा लागला. नैसर्गिक हाडात हेच प्रथिन ग्रॅममागे जेमतेम काही नॅनोग्रॅम असते. मान्यता नसताना मानेच्या मणक्यांत ते वापरले गेले, तेव्हा काही रुग्णांच्या गळ्याला सूज येऊन श्वास अडू लागला. 2008 मध्ये नियामकाने जाहीर इशारा दिला.

म्हणूनच संशोधकांचा भर पाटाच्या पाण्याऐवजी ठिबकवर आहे. प्रथिनाला हेपारिन या रेणूने धरून ठेवतात किंवा जखमेच्या विरघळणाऱ्या टाक्यांसाठी वापरतात त्या पॉलिमरच्या सूक्ष्म गोळ्यांत भरतात. क्रमही पाळावा लागतो. आधी नव्या रक्तवाहिन्या वाढायला हव्यात, मग हाड; म्हणून बाहेरच्या थरातून रक्तवाहिन्या वाढवणारे व्हीईजीएफ हे प्रथिन लवकर सुटते आणि आतल्या थरातून बीएमपी सावकाश. सर्वांत सुंदर युक्ती झुरिकच्या गटाने 2003 मध्ये उंदरांच्या कवटीत दाखवली. त्यांच्या जेलचे धागे फक्त पेशींची विकरेच कापू शकतात. पेशी जसजशा आत शिरतात, तसतसे प्रथिन मोकळे होते.

मूळपेशींच्या उपचारांची जाहिरात आज जोरात आहे. हाडासाठी असा उपचार कुणी सुचवला, तर पेशी किती कोटी टोचणार हे विचारून भागणार नाही. त्यांना कोणता घटक, किती काळ आणि नेमक्या कोणत्या जागी मिळणार, हे विचारायलाच हवे. नीट उत्तर मिळेपर्यंत होकार देऊ नये.