‘से वा’ म्हणजे निघाले!

मंडळी, दिवाळी अंकात स्पॅनिशचं व्याकरण कशाला, असं तुम्हाला वाटेल. आपल्यातल्या कितीतरी घरांत मुलं शाळेत स्पॅनिश घेतात आणि आपण आईवडील ‘तो विषय काही आपला नाही’ म्हणून बाजूला होतो. मीही झाले होते. मग एका दुपारी ‘से’ या एवढ्याशा शब्दाने मला जागं केलं.

माझे बाबा ८२ वर्षांचे आहेत. आई गेल्यावर ते साताऱ्याहून आमच्याकडे ह्यूस्टनला आले. हल्ली त्यांना विसर पडतो. दिवसा त्यांच्यासोबत मेक्सिकोच्या एक बाई असतात, आम्ही त्यांना मावशी म्हणतो. मावशींचं इंग्रजी बेताचं, माझं स्पॅनिश त्याहून बेताचं. रोज चारच्या सुमाराला त्यांचा फोन येतो, ‘वा आल पार्के’, म्हणजे बाबा बागेत जाताहेत. मी ‘सी, ग्रासियास’ म्हणते आणि कामाला लागते.

त्या दिवशी फोन तीनलाच आला. मी मीटिंगमध्ये होते. मावशी घाईघाईने म्हणाल्या, ‘सेन्योरा, से वा! से वा!’ मला फक्त ‘वा’ कळलं. जाताहेत तर जाऊ देत. ‘सी, सी, ग्रासियास’ म्हणून मी फोन ठेवला.

बाबा बागेत जात नव्हते. कापडी पिशवी घेऊन, बूट घालून ते घर सोडून निघाले होते. मी त्यांना मराठीत थांबवावं म्हणून मावशींनी फोन केला होता. बाबा ऐकेनात, तेव्हा त्या त्यांच्या मागोमाग गेल्या. शाळेतून परतणाऱ्या माझ्या मुलीला दोघं कोपऱ्यावरच्या बस स्टॉपवर बसलेली दिसली. बाबा साताऱ्याच्या गाडीची वाट पाहत होते. ‘आजोबा, चला, निघू या,’ ती म्हणाली, आणि ते निमूट तिच्याबरोबर घरी आले.

रात्री मुलीने विचारलं, ‘मावशी नक्की काय म्हणाल्या?’ मी सांगितलं. ती म्हणाली, ‘आई, वा आणि से वा एक नाही गं!’ मग तिने वही काढली. तिने शिकवलं तेच आज तुम्हाला सांगते.

स्पॅनिशमध्ये ‘इर’ म्हणजे जाणे. त्याला ‘से’ जोडला की होतं ‘इर्से’, म्हणजे निघणे, निघून जाणे. वर्तमानकाळात ते असं चालतं:

मे वोय – मी निघतो, निघते
ते वास – तू निघतोस, निघतेस
से वा – तो निघतो, ती निघते. एकाच व्यक्तीला आदराने ‘तुम्ही निघता’
नोस वामोस – आम्ही निघतो, आपण निघतो
से वान – ते निघतात. अनेकांना ‘तुम्ही निघता’

स्पेनमध्ये जवळच्या अनेकांना उद्देशून ‘ओस वाइस’ म्हणतात. मेक्सिकोत तिथेही ‘से वान’च. उच्चाराचं म्हणाल तर यातला ‘व’ हा ब आणि व यांच्या मधला, आणि ‘ते’ मधला त आपल्या तव्यातला. इंग्रजी वळणाच्या जिभांना तो साधायला वेळ लागतो, आपल्याला तो घरचाच. ‘ते वास’ ऐकून नाकाला हात लावू नका म्हणजे झालं!

आता हा ‘से’ म्हणजे काय? पुस्तकात त्याचा अर्थ ‘स्वतःला’ असा देतात. ‘स्वतःला धुणे’ वगैरे ठिकाणी तो चालतो, पण ‘स्वतःला जाणे’ याला काय अर्थ? मुलगी इथेच अडली होती, आणि इथे मला तिला मदत करता आली. आपण म्हणतो ना, ‘कंटाळा आला, मी आपली निघाले’, ‘तो आपला गेला निघून’? त्या ‘आपला’, ‘आपली’मध्ये जे आहे, त्याच्या अगदी जवळचं काहीतरी ‘इर्से’मधल्या ‘से’मध्ये आहे. जाण्याच्या ठिकाणापेक्षा जागा सोडण्यावर भर. ‘वोय आल पार्के’ म्हणजे बागेत जाते. ‘मे वोय देल पार्के’ म्हणजे बागेतून निघते.

फरक एवढाच, की आपला ‘आपला’ लिंग-वचनाप्रमाणे बदलतो आणि त्यांचं सर्वनाम व्यक्तीप्रमाणे: मे, ते, से, नोस. ते बदलायला विसरणं ही शिकणाऱ्यांची नेहमीची चूक. नकार द्यायचा तर ‘नो’ सर्वात आधी येतो: ‘नो मे वोय’, मी निघत नाही. आणि ‘मला निघायला हवं’ म्हणताना सर्वनाम क्रियापदाच्या शेपटाला चिकटतं: ‘तेंगो के इरमे’.

आणखी एक गंमत. दारात उभं राहून आपण ‘निघालो हं’ म्हणतो, निघायच्या आधीच भूतकाळ! स्पॅनिश माणूस तिथे वर्तमानकाळ वापरतो: ‘या मे वोय’.

‘इर’चं ‘वोय’ कसं होतं, याची मुलं तक्रार करतात. त्यांना सांगा, यात लॅटिनची वेगवेगळी क्रियापदं मिसळली आहेत. ‘इर’ आलं ‘ईरे’पासून, ‘वोय’ आलं ‘वादेरे’पासून, आणि भूतकाळातलं ‘फुई’ तर ‘असणे’ या क्रियापदाकडून उसनं घेतलेलं. आपण तरी कुठे वेगळे? ‘जातो’चं ‘गेलो’ होतं, ‘जातलो’ होत नाही. इंग्रजीतही ‘गो’चं ‘वेंट’. जी क्रियापदं दिवसातून शंभरदा तोंडात येतात ती मुलांना आयतीच पाठ होतात, म्हणून त्यांचा वाकडेपणा टिकून राहतो.

अमेरिकेत घरी स्पॅनिश बोलणारे ४ कोटींहून अधिक लोक आहेत. आपल्या म्हाताऱ्या माणसांचा हात धरणाऱ्यांत त्यांच्यापैकी पुष्कळ असतात. त्यांच्या भाषेतली चार वाक्यं आपल्याला यायला हवीत. निदान निघण्याचं क्रियापद तरी.

आता ‘से वा’ ऐकलं की मी मीटिंग सोडून उठते आणि म्हणते, ‘फोन बाबांच्या कानाला लावा.’

शिकवणी उलट दिशेनेही चालू आहे. मुलगी सकाळी ‘मी जाते’ म्हणाली की बाबा, बाकी काही विसरले तरी, तिला हटकतात: ‘जाते नाही, येते म्हणावं.’ मावशी हे ऐकत होत्या. पूर्वी संध्याकाळी त्या ‘या मे वोय’ म्हणायच्या. आता दारात वळून म्हणतात, ‘येतो, आजोबा!’

‘वोय’ला लिंग नसतं, बाईमाणसाला आणि पुरुषाला ते एकच. मावशींना वाटतं आपलंही तसंच असेल. बाबा रोज खुर्चीतून मान वर करून सांगतात, ‘येते. येते म्हणा.’