घोट्यातील हाड मृत होते तेव्हा...

हाड म्हणजे शरीराचा निर्जीव सांगाडा, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात हाड जिवंत असते आणि त्यालाही अखंड रक्तपुरवठा लागतो. तो खंडित झाला, की हाडातील पेशी मरतात. या विकाराला ‘एव्हॅस्क्युलर नेक्रोसिस’ म्हणतात. खुब्यातील हा विकार बऱ्याच जणांना ऐकून माहीत असतो. मात्र पावलातील ‘टॅलस’ या हाडालाही तो गाठतो.

टॅलसच का?

नडगी आणि टाच यांच्यामध्ये बसलेले हे हाड शरीराचा भार पावलाकडे पोहोचवते. त्याच्या पृष्ठभागाचा सुमारे ६० टक्के भाग कूर्चेने आच्छादलेला असतो आणि त्याला एकही स्नायू जोडलेला नसतो. त्यामुळे रक्तवाहिन्यांना आत शिरण्यास फारच थोडी जागा उरते. वाहनाचा अपघात किंवा उंचावरून पडणे यामुळे टॅलसची मान मोडली, की या वाहिन्या तुटू शकतात. हाड जितके जागेवरून सरकते, तितका धोका वाढतो. स्टेरॉइडचे दीर्घकाळ सेवन व अतिमद्यपान हीदेखील कारणे आहेत.

लीलँड हॉकिन्स यांनी १९७० मध्ये या अस्थिभंगाचे वर्गीकरण मांडले. दुखापतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी काढलेल्या एक्स-रेमध्ये कूर्चेखाली कमी घनतेची रेषा दिसल्यास रक्तपुरवठा शाबूत असल्याचे मानले जाते. ती न दिसल्यास ‘एमआरआय’ उपयोगी पडतो.

शस्त्रक्रिया कोणती?

हाड खचण्यापूर्वी निदान झाल्यास त्यात बारीक छिद्रे पाडून आतील दाब कमी केला जातो. त्यामुळे नव्या रक्तवाहिन्या वाढण्यास वाव मिळतो. काही रुग्णांत रक्तवाहिनीसह हाडाचा तुकडा तेथे बसवतात.

हाड खचून सांधा झिजल्यावर मात्र सांधा जखडण्याची शस्त्रक्रिया करावी लागते. मृत भाग काढून, हाडाचे रोपण करून स्क्रू, पट्टी किंवा सळईने हाडे जोडली जातात. वेदना कमी होतात. पण घोट्याची हालचाल जाते. उकिडवे बसणे, चढ चढणे अवघड होते आणि शेजारच्या सांध्यांवर कालांतराने ताण येतो. धूम्रपान करणाऱ्यांत हाडे न जुळण्याचा धोका अधिक असतो.

हालचाल टिकवणारा पर्याय म्हणजे कृत्रिम टॅलस. जपानमध्ये सिरॅमिकचे टॅलस वापरले गेले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२१ मध्ये रुग्णाच्या मापानुसार त्रिमितीय छपाईने बनवलेल्या धातूच्या टॅलसला मर्यादित वापरासाठी मान्यता दिली. मात्र, हा पर्याय प्रत्येक रुग्णाला लागू पडत नाही. शेजारचे सांधे किती शाबूत आहेत, यावर तो ठरतो.

थोडक्यात, सांधा वाचवण्याची संधी हाड खचण्याआधीच असते. त्यामुळे अस्थिभंग भरून आल्यानंतरही चालताना घोटा दुखत राहिल्यास ‘जुनी दुखापत’ म्हणून दुर्लक्ष न करता अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवणे श्रेयस्कर.