सरकारी सुट्ट्यांची यादी तुमच्या ऑफिसला लागू होते का? कायदा काय सांगतो?

वर्ष संपत आलं की राज्य सरकारच्या सुट्ट्यांची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागते. शनिवार-रविवारला जोडून कुठली सुट्टी आलीये, याचा हिशोब घरोघरी सुरू होतो. आणि खासगी नोकरी करणाऱ्याच्या हातात जेव्हा कंपनीची यादी पडते, तेव्हा त्यातल्या निम्म्या सुट्ट्या गायब असतात.

मग प्रश्न येतोच, सरकारने जाहीर केलेली सुट्टी कंपनी नाकारू शकते का?

तर हो, बहुतेक वेळा नाकारू शकते. याचं कारण त्या यादीच्या वरच्या दोन ओळींतच असतं, पण त्या कुणी वाचत नाही. ही यादी 'परक्राम्य संलेख अधिनियम, 1881' च्या कलम 25 खाली निघते. नाव अवघड असलं तरी हा तोच कायदा, ज्याच्याखाली चेक बाउन्सची केस होते. हुंडी, वचनचिठ्ठी यांची मुदत सुट्टीच्या दिवशी संपली तर ती आधीच्या कामाच्या दिवशी संपली असं धरायचं, एवढ्यासाठी त्यात सार्वजनिक सुट्टीची व्याख्या आली. म्हणजे मुळात तो पैशांच्या कागदांचा कायदा आहे. त्यानुसार बँका बंद राहतात, सरकारी कचेऱ्याही बंद राहतात. कामगाराला पगारी सुट्टी द्या, असं तो कुठल्याही मालकाला सांगत नाही.

यावर कोर्टाचं म्हणणंही स्पष्ट आहे. दादरा आणि नगर हवेलीत 2 ऑगस्ट या मुक्तिदिनाची सुट्टी बंद झाली, म्हणून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. जानेवारी 2022 मध्ये कोर्टाने याचिका फेटाळली. सार्वजनिक सुट्टी मिळणं हा कुणाचा कायदेशीर हक्क नाही, असं सांगितलं आणि आपल्याकडे सुट्ट्या जरा जास्तच आहेत, असा टोलाही लगावला.

मग खासगी नोकरीतल्या माणसाचं काय? दुकान, हॉटेल, आयटी कंपनी, ऑफिस अशा ठिकाणी काम करणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात वेगळा कायदा आहे, 2017 चा 'दुकाने व आस्थापना अधिनियम'. भांडायचं असेल तर याच्या जोरावर भांडायचं.

हा कायदा वर्षाला 8 पगारी सणाच्या सुट्ट्या देतो. त्यातल्या 4 ठरलेल्या आहेत: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर. उरलेल्या 4 मालक आणि कामगारांनी स्थानिक परंपरेनुसार मिळून ठरवायच्या, आणि त्याही वर्ष सुरू होण्याआधी. प्रत्यक्षात एचआरचा मेल येतो आणि सगळे "नोटेड" लिहून मोकळे होतात. गणपतीची सुट्टी हवी की दिवाळीची एक जास्त, हे विचारून ठरवायची जागा कायद्यातच ठेवली आहे, हे बहुतेकांना माहीतच नसतं.

याशिवाय वर्षाला 8 किरकोळ रजा मिळतात. त्या दर तिमाहीला खात्यात जमा होतात आणि वर्षअखेरीस उरल्या तर बुडतात. वर्षात 240 दिवस काम भरलं असेल, तर पुढच्या वर्षी दर 20 दिवसांमागे एक पगारी रजा. म्हणजे 240 दिवसांना 12, 280 दिवसांना 14. या रजा बुडत नाहीत, 45 पर्यंत साठवता येतात. आठवड्याची सुट्टी वेगळीच. ती नाकारली, तर दोन महिन्यांच्या आत बदली सुट्टी द्यावी लागते.

ही आठवड्याची सुट्टीसुद्धा फुकट मिळालेली नाही. मुंबईच्या गिरण्यांत कामगारांना हक्काचा रविवार नव्हता. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून ही मागणी लावून धरली, साडेपाच हजार कामगारांचं निवेदन दिलं, रेसकोर्सवर हजारोंची सभा घेतली. शेवटी 10 जून 1890 ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

एका सुट्टीपुढे मात्र कंपनीचं धोरण चालत नाही, ती म्हणजे मतदानाची. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 135ब नुसार मतदाराला त्या दिवशी पगारी सुट्टी द्यावीच लागते, अगदी रोजंदारीवर असला तरी. अपवाद फक्त अशा कामांचा, जिथे माणूस नसला तर धोका किंवा मोठं नुकसान होईल. मोडणाऱ्या मालकाला दंड किती? 500 रुपयांपर्यंत. एवढ्यात हॉटेलात दोन माणसांचं जेवणही होत नाही.

आता यातली खरी अडचण. 2017 चा कायदा आला तो 10 किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या जागांसाठी. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा 20 वर न्यायला मंजुरी दिली. व्यापाऱ्यांची कागदपत्रांची कटकट कमी होईल, हे त्यामागचं कारण. पण कापडाच्या दुकानात, मेडिकलवर, मोबाइलच्या शोरूममध्ये साधारण किती माणसं असतात? पाच, सात, फार तर पंधरा. घरकाम करणाऱ्या मावशी आणि पार्सल पोचवणारी पोरं तर या हिशोबात आधीपासूनच नाहीत. यादीत सुट्टी असते त्या दिवशी ऑर्डर जास्त येतात, त्यामुळे डिलिव्हरीवाल्याला उलट तेव्हाच जास्त पळावं लागतं.

तुमच्या ऑफिसात मात्र हा कायदा लागू असेल, तर त्या 4 सुट्ट्यांबद्दल बोलायची वेळ डिसेंबरची. जानेवारीत यादी भिंतीवर लागली की मग वर्षभर थांबावं लागतं.