22 इंची ते मीडियम : सायकलच्या मापाचा मागोवा

पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात सायकल दोनदा आली. पहिल्यांदा कामगाराबरोबर आणि दुसऱ्यांदा त्याच कामगाराच्या मुलाबरोबर. तो आता पन्नाशीला आलाय आणि डॉक्टरांनी त्याला ‘जरा अंग हलवा’ असं सुनावलंय. या दोन फेऱ्यांच्या मध्ये सायकल मोजायची रीतच बदलली. दुकानात शिरणाऱ्याच्या तोंडी मात्र अजून जुनाच आकडा असतो : 22 इंची.

1954 साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. साठच्या दशकात टेल्को आली, आकुर्डीत बजाज आली. पाळी सुटली की गेटमधून सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा. अ‍ॅटलस, हिरो, हर्क्युलस. नावं वेगळी, पण अंगकाठी एकच. रंग काळा, चाकं 28 इंची, दांडी सपाट आणि फ्रेम 22 किंवा 24 इंची. पायडलचे दांडे ज्यावर फिरतात त्या मधल्या आसापासून सीटखालच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतची लांबी म्हणजे हा आकडा. सगळ्या सायकलींचा साचा सारखाच असल्यामुळे तेवढ्यावर भागायचं. नळी लांब म्हणजे दांडी उंच. दांडीवरून दोन्ही पाय जमिनीला टेकले की माप बसलं.

खरं तर ते माप एका माणसाचं नसायचंच. घरात सायकल एक. वडील पहिल्या पाळीला नेणार, दुपारी थोरला दळणाला नेणार आणि धाकटा दांडीखालून पाय घालून शिकणार. घेताना घरातला उंच माणूस बघायचा; बाकीच्यांनी सीट खाली करून किंवा ढुंगण डावी-उजवीकडे सरकवत निभावून न्यायचं. सायकल माणसाला बेतायची ही कल्पनाच नव्हती. माणसानं सायकलला जुळवून घ्यायचं.

मग याच पट्ट्यानं सायकलीला रस्त्यावरून हटवलं. 1972 साली लूना ही मोपेड आली, त्याच वर्षी बजाजची चेतक स्कूटरही. कामगाराच्या हाती चार पैसे आले तशी सायकल जिन्याखाली गेली. 1999 साली बजाजचा चाकणचा कारखाना सुरू झाला, पुढे फोक्सवागन आणि मर्सिडीजही चाकणला आल्या. अंतरं वाढली, रस्त्यावर कंटेनर आले, आणि चाकण रस्त्यावर सायकल घालणं धाडसाचं ठरलं.

सायकल परतली ती हौस म्हणून. रविवारी पहाटे निगडीहून लोणावळा, देहू, आळंदी; जमलं तर पंढरपूरची सायकलवारी. पण या मधल्या काळात फ्रेमचा साचा बदलला होता. 1990च्या दशकात माइक बरोज या इंग्लिश डिझायनरनं जायंट कंपनीसाठी मागे उतरत जाणाऱ्या दांडीची रेसिंग सायकल केली. दांडी उतरती झाल्यावर सीटखालची नळी आखूड झाली आणि सीटचा खांब लांब. थोड्याच मापांत पुष्कळ माणसं बसू लागली. म्हणून आज दुकानात स्मॉल, मीडियम, लार्ज ऐकू येतं. नळीच्या लांबीवरून आता फारसं काही कळत नाही; हँडल किती उंच आणि किती पुढे, हे महत्त्वाचं. एकाच कंपनीच्या दोन ‘मीडियम’मध्ये शर्यतीची सायकल पाठीला वाकवते आणि लांब पल्ल्याची ताठ बसवते.

बर्फावर घसरायच्या स्कींचंही हेच झालं. जुन्या स्की जवळजवळ सरळसोट असत आणि मोठ्या माणसाला दोन मीटरची स्की लागे. 1990च्या दशकात कमरेत बारीक, टोकांना रुंद अशा स्की आल्या, वळणं सोपी झाली आणि लांबी उतरली. आज बहुतेकांना हनुवटी ते कपाळ यांच्या दरम्यानची स्की पुरते. कित्येक वर्षांनी गुलमर्गला जाऊन जुनीच लांबी मागणारा आणि निगडीत 22 इंची मागणारा, दोघंही आता न उरलेल्या साच्याचा आकडा मागत असतात.

मग माप घ्यायचं कसं? भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं राहायचं, जाड पुस्तक जांघेत घट्ट धरायचं आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचं. सायकल शर्यतपटू ग्रेग लेमाँडमुळे प्रसिद्ध झालेलं सूत्र सांगतं की या आकड्याला 0.883 नं गुणा. 80 सेंटिमीटर आलं तर त्याच मधल्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंत साधारण 70.6 सेंटिमीटर. इथून सुरुवात करायची. गुडघा पुढून दुखला तर सीट बहुधा खाली आहे. मागून ओढ बसली किंवा कंबर डुलू लागली तर वर आहे.

सीटची उंची घरी बदलता येते, फ्रेम बदलता येत नाही. म्हणून दोन मापांमध्ये अडलात तर परतणाऱ्यानं सहसा लहान घ्यावी : सीट वर नेता येते, हँडलचा दांडा बदलता येतो, मोठी फ्रेम मात्र कापता येत नाही. अर्धा तास चालवून पाहा. तळहाताला मुंग्या आल्या, मान अवघडली, तर हँडल लांब किंवा खाली आहे.

तरुणपणी पाठ वाकत होती म्हणून आजही वाकेल, हे धरून चालू नये. शिफ्ट, खुर्ची आणि गाडीच्या सीटवर गेलेली वर्षं कमरेत उतरलेली असतात. विकत घेताना उंचीचा तक्ता पाहाच, पण शेवटचा निर्णय कमरेवर सोडा. आणि सहा महिने नियमित चालवल्यावर पुन्हा एकदा मोजा, कारण तोवर कंबर बरीच सैल झालेली असते.