‘शाळा’ सुटल्यानंतर

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ ही कादंबरी २००४ साली आली. पहिला हात घातला तो रंगभूमीने; ‘गमभन’ हे नाटक त्यातूनच उभं राहिलं. २००८मध्ये मिलिंद उके यांनी तिच्यावरच ‘हमने जीना सीख लिया’ हा हिंदी चित्रपट केला. तो आज किती जणांना आठवतो, कोण जाणे. सुजय डहाके यांचा मराठी ‘शाळा’ २० जानेवारी २०१२ रोजी लागला. दिग्दर्शकाचा हा पहिलाच चित्रपट.

कादंबरी सोपी वाटली, तरी पडद्यासाठी मोठी अवघड. आणीबाणीचा काळ, नववीचा वर्ग, मुक्या, सुऱ्या, चित्रे, फावड्या ही चौकडी आणि मुक्याला आवडणारी शिरोडकर. घडतं बेताचंच. पानंच्या पानं चालतो तो मुक्याच्या, म्हणजे मुकुंद जोशीच्या, डोक्यातला हिशेब: ती कुठल्या वाटेने येईल, आपण कुठे उभं राहायचं, आणि तिने पाहिलंच तर ते आपल्याकडेच कशावरून? डहाके यांनी यातलं बरंचसं छायाचित्रकार दिएगो रोमेरो यांच्यावर सोपवलं. त्यामुळे मुक्याचं बघणं पडद्यावर नेमकं उतरलं, पण त्याची जीभ बोथट झाली. पुस्तकातला मुक्या तिरकस आहे, मास्तरांची मनातल्या मनात रेवडी उडवणारा. अंशुमन जोशीचा मुक्या हळवा. मला तो आवडतो. पण पुस्तकातल्यासारखा खुदकन हसवत नाही. ती कसर जितेंद्र जोशीच्या नरूमामाने थोडीफार भरून काढली. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट आणि अविनाश देशपांडे यांना रूपांतरित पटकथेसाठी, असे दोन राष्ट्रीय पुरस्कार चित्रपटाला मिळाले.

खरी गंमत पुढे आहे. २०१४च्या जानेवारीत ‘टाइमपास’ आला. शिरोडकर झालेली केतकी माटेगावकरच त्याची नायिका, आणि शाळकरी वयातलं प्रेम तिकीटबारीवर धो धो चाललं. पुढच्याच महिन्यात ‘फँड्री’ लागला. त्यामागे नीलेश नवलाखा आणि विवेक कजारिया हे ‘शाळा’चेच निर्माते होते. ‘शाळा’च्या नजरेबाहेर राहिलेला प्रश्न ‘फँड्री’चे दिग्दर्शक नागराज मंजुळे यांनी विचारला: वाटेवर नुसतं ताटकळत उभं राहण्याची चैन तरी कुणाला परवडते? मुक्याला फार तर बोलणी बसतील, कानाखाली आवाज निघेल; दहावीत तो जाणारच. ‘फँड्री’तल्या जब्याला मात्र वर्गातल्या पोरांसमोर, त्याला आवडणाऱ्या शालूच्या देखत डुकरामागे धावावं लागतं. शाळेतून राष्ट्रगीत सुरू झालं की सगळं कुटुंब जागच्या जागी उभं राहतं आणि हाताशी आलेलं डुक्कर निसटतं.

‘फँड्री’नंतर ‘शाळा’ पुन्हा पाहिला की त्यातला गोडवा तसाच लागतो, फक्त तो कुणाच्या वाट्याचा आहे हे आता डोळ्यांआड करता येत नाही. डहाके स्वतः २०२३मध्ये पुन्हा पुस्तकाकडे वळले आणि ‘श्यामची आई’ त्यांनी कृष्णधवल केली. ‘टाइमपास’च्या वाटेला मात्र ते गेले नाहीत.